म्हाताऱ्याचं टेंगूळ

बाईंचा तारा सेकंदाला एकोणतीस वेळा स्वतःभोवती फिरत होता आणि रोज थोडा हळू होत होता. थोडा म्हणजे किती, तर एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातले तीस-बत्तीस तुकडे रोज एका फेरीला जास्त लागायचे. एवढंसं मोजण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. केंद्रात सगळे त्या ताऱ्याला म्हातारा म्हणायचे. सकाळी चहाच्या टेबलावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काय बाई, आज म्हातारा किती थकला?" बाई आकडा सांगायच्या. विचारणारा हसायचा. बाई हसायच्या नाहीत.

त्याचं असं होतं. मोठा तारा जळून संपला, स्वतःतच कोसळला आणि मागे त्याची एक गुठळी उरली. गुठळी एखाद्या शहराएवढी, पण वजन आपल्या सूर्याहून जास्त. ती भोवऱ्यासारखी फिरते आणि भोवऱ्यासारखीच मंदावते. मंदावते म्हणजे तिचा जोर कुठेतरी जातो. बराचसा चुंबकाच्या ओढीत जातो, हे सगळ्यांना मान्य होतं. बाईंचं म्हणणं होतं की तेवढ्याने भागत नाही, थोडा जोर दुसऱ्या वाटेने गळतोय. म्हाताऱ्याच्या अंगावर कुठेतरी टेंगूळ आहे, फार तर नखाच्या उंचीचं. ते गरगर फिरतं तेव्हा आजूबाजूची जागाच हलते आणि ती थरथर लाटेसारखी आपल्यापर्यंत येते. फेऱ्या एकोणतीस, तर थरथर त्याच्या दुप्पट, अठ्ठावन्न. ती पकडली की टेंगूळ खरं.

पकडायला आमचं केंद्र होतं. काटकोनात दोन नळ, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आतली सगळी हवा काढलेली. टोकांना तारांवर टांगलेले आरसे आणि त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारा प्रकाश. आरसा अणूच्या गाभ्याच्या एका कणाएवढा हलला तरी कळावं अशी मांडणी. बाहेरून ट्रक गेला तरी कळायचं. कोणी दार आपटलं की आतून शिव्या यायच्या.

मी तिथे नळवाला होतो. पंप घसरतोय का, जोड गळतोय का, कुठे गंज चढतोय का, ते बघायचं. पण मला नळवाला कोणी म्हणत नसे. मला ठोक्या म्हणायचे. हे बारसं बाईंनी केलं होतं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठ्या नळाला लागून थंड नायट्रोजनचा एक पाइप जातो. दमट दिवसांत त्याच्यावर बाहेरून बर्फ चढायचा, मनगटाएवढा जाड, आणि त्या वजनाने जोड वाकायला लागायचा. एका सकाळी बाई तिथून जाता जाता थांबल्या.

"हा बर्फ रोज काढत जा. साचू देऊ नकोस."

"कशाने काढू, बाई?"

"ठोकून काढ की. हात नाहीत का तुला?"

मी लाकडी हातोडी आणली. रोज दहाच्या सुमाराला जाऊन तीन ठोके द्यायचो, बर्फ खाली पडायचा, फडक्याने पुसून घ्यायचो.

पंधरा दिवसांनी बाईंना आकाशातून उचक्या ऐकू यायला लागल्या. रोज तीन. असा तारा मंदावता मंदावता मध्येच झटका खातो, त्याचं कवच तडकतं, हे बाईंना ठाऊक होतं. म्हाताऱ्याला उचकी लागली असं त्यांनी धरलं. समुद्रापलीकडे आमच्यासारखंच दुसरं केंद्र आहे, ते तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं. पडताळून बघायला कोणी नव्हतं. बाईंनी थांबायला हवं होतं. त्या थांबल्या नाहीत. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, बाजूला ताऱ्याचं चित्र.

पलीकडच्या केंद्रातल्या एका पोरीने नोंदी मागवून घेतल्या आणि चार ओळींचं पत्र पाठवलं. उचक्या दहा ते सव्वादहाच्या मधेच लागतात आणि रविवारी लागत नाहीत. आकाशाला रविवारची सुट्टी असते का, एवढंच तिने विचारलं होतं. ते पत्र जगभर फिरलं. जिथे जिथे असे नळ होते तिथे तिथे लोक पोट धरून हसले.

चौकशी बसली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याचे पेले. मी उभा.

"बाईंनी सांगितलं म्हणून ठोकलं," मी म्हणालो.

"नोंदवहीत आहे?"

नव्हतं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. सही यायची, आकडे यायचे. दाब किती, तापमान किती, ते रकान्यात भरायचो. कोण काय म्हणालं ते लिहायला अक्षरं लागतात.

त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मी असं काही सांगितलं नव्हतं." आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिसला पाइप की ठोक. ठोक्या कुठला."

टेबलामागचे तिघेही हसले. बाईंवरचं हसू माझ्यावर आलं आणि माझ्यावरच राहिलं.

मला नळाच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. मुख्य इमारतीपासून चार किलोमीटर, एक पंप, एक खुर्ची, एक मी. अकरा वर्षं. तिथे मुलीची जुनी शाळेची पुस्तकं नेऊन मी अक्षरं शिकलो. स्वतःहून लिहिलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, 'मला बाईंनी सांगितलं होतं.' ते पान मी फाडून पंपाच्या तेलात बुडवलं. दाखवणार कोणाला?

नाव मात्र चार किलोमीटर चालत घरी आलं. दुकानात बायकोला ठोक्यावहिनी म्हणायला लागले. मुलीच्या लग्नात जावयाच्या मित्रांनी मला बघून टेबलावर तीनदा टकटक केलं आणि जावई लाजेने लाल झाला. नात तर बोलायला लागली तीच ठोक्याआजोबा म्हणत. तिला वाटायचं ते माझं नावच आहे. बायको बाईंचं नाव निघालं की म्हणायची, "त्या बाईचं कधी बरं व्हायचं नाही." मी म्हणत नव्हतो, पण वाट बघत होतो.

बाईंचंही पुरतं वाटोळं झालं होतं असं नाही. त्या कामाला चिकटून राहिल्या आणि त्यांनीच केंद्रात एक पद्धत आणली, पुन्हा कोणी घाईने तोंडघशी पडू नये म्हणून.

पद्धत अशी. आरसा मुद्दाम ढकलता येतो, हलक्या हाताने, अगदी खऱ्या लाटेने हलावा तसा. त्यासाठी एक पेटी असते, तशीच पलीकडच्या केंद्रातही, इथल्याच पेटीला जोडलेली. प्रत्येक मोजणीच्या सुरुवातीला दोन माणसांनी दार लावून चिठ्ठी उचलायची. खोटी लाट सोडायची निघालं तर कुठल्या ताऱ्याची आणि किती जोराची ते कागदावर लिहायचं. सोडायची नाही निघालं तर कोरा कागद. कागद लिफाफ्यात, लिफाफ्याला लाख, आणि लिफाफा सभागृहात काचेच्या कपाटात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग महिनोन् महिने बाकीच्यांनी काम करायचं, काही सापडलं तर खरं समजून तपासायचं, लेख शेवटच्या ओळीपर्यंत लिहायचा, ज्यांना तो पटला त्यांनी सह्या करायच्या. त्यानंतरच लिफाफा फुटणार. फुटल्यावर एक नाव घालायचं नाही, एक काढायचं नाही. आणि लिफाफ्यात काय आहे ते कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. विचारणारा बाहेर, सांगणाराही बाहेर. हा शेवटचा नियम बाईंच्या स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावलेला होता.

नवे संचालक आले ते बाईंचेच जुने विद्यार्थी. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांनी मला टोकावरून परत बोलावलं आणि पेटीवर बसवलं. म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे आणि तोंड बंद असतं. मला दोन्ही हवंय." तेव्हापासून दर मोजणीला चिठ्ठी उचलणारे आम्ही दोघं. चिठ्ठी 'हो' निघो की 'नाही', पेटी चालूच ठेवायची, पंखा घरघरतो, हिरवा दिवा लागतो, मी रोज सकाळी पाव तास आत जाऊन बसतो. ढकलतोय की नुसताच बसलोय, बाहेरच्याला कळायचं नाही.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली, 'नाही'. साहेबांनी कोरा कागद माझ्यासमोर दुमडला, लिफाफ्यात सरकवला, लाख ओतली.

"या वेळी रिकामाच बसणार तू," साहेब म्हणाले.

"अकरा वर्षं सवय आहे," मी म्हणालो.

असली लाट एका दिवसात दिसत नाही. महिन्यामागून महिने नोंदी एकावर एक रचाव्या लागतात, तेव्हा गोंगाटातून रेघ वर येते. आठव्या महिन्यात अठ्ठावन्नपाशी रेघ आली. आधी सगळ्यांना वाटलं पंपच असणार आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याकडून येणारी लाट वर्षभरात किंचित वरखाली सरकते. पंपाची थरथर सरकत नाही. ही सरकत होती. पलीकडच्या केंद्रातही तशीच सरकत होती. आणि म्हातारा जितका हळू होत होता, तितकीच ती रेघही खाली येत होती. आता दोनच गोष्टी उरल्या. ती म्हाताऱ्याकडून येत होती, किंवा दोन्हीकडच्या पेट्यांतून. पेटीतली खोटी लाट हे सगळं हुबेहूब करते.

चहाच्या टेबलावर दोन तट पडले.

"बाई, टेंगूळ आलं म्हणे वर!"

"आलंय. कोणी आणलंय ते बघायचं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटण्याला आता किंमत नाही. एकदा वाटलं होतं."

बाई त्या दिवसांत सदुसष्टच्या होत्या. लिफाफा फुटला की महिन्याभरात त्यांना निरोप द्यायचं ठरलं होतं. लेख त्यांच्याच मोजणीवर उभा होता. पहिलं नाव त्यांचं असणार हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, इतकं ते उघड होतं. पण सह्यांचा कागद लागला, एकेक नाव चढलं, आणि वरची पहिली ओळ रिकामीच राहिली. बाई रोज त्या कागदापाशी जायच्या, पेन काढायच्या, आणि चष्मा पुसून परत जायच्या.

सह्यांना चार दिवस उरले असताना दुपारी त्या माझ्या पेटीच्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. खोली एवढीशी. पेटी, टेबल, दोन स्टुलं. बाई बसल्या नाहीत.

"ठोक्या."

"बोला बाई."

"विचारायचं नसतं, ठाऊक आहे मला."

"तुमच्याच अक्षरात आहे भिंतीवर."

"म्हणूनच म्हटलं ठाऊक आहे." त्या पेटीच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या. "अठरा वर्षं माझ्या पाठीमागे मला उचकीवाली म्हणतात. तुला काय वाटलं, माझ्या कानावर येत नाही?"

"मला तोंडावर म्हणतात."

मी थांबलो. मी खरंच थांबलो. पंखा घरघरत होता. तिथे एक वाक्य मावेल एवढी जागा होती, आणि ते वाक्य काय हवं हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी चष्मा पुसला.

"पुन्हा तसं झालं तर मला घराबाहेर तोंड काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा खरा असला आणि मीच सही केली नाही, तर... सव्वीस वर्षं, ठोक्या. मी दुसरं काही केलंच नाही. लग्न नाही, पोर नाही, म्हातारा तेवढा. तू बोलू नकोस. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. सही करू का, एवढंच कळू दे. कसंही."

मी म्हणू शकलो असतो, बाई, जा इथून. नियम तसाच होता आणि तेवढ्यानेही त्यांचं काही बिघडलं नसतं. मी विचारलं, "बाई, माझं नाव काय?"

"हे काय मध्येच?"

"सांगा ना. एकतीस वर्षं झाली मला इथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंना आकाशातल्या दोन-अडीचशे ताऱ्यांचे आकडे तोंडपाठ होते. ओठ हलले, पण आतून काही आलं नाही.

"अरे, ठोक्याच म्हणतात ना तुला सगळे," त्या म्हणाल्या, आणि थोडं हसल्याही.

मी टेबलावर मुठीने ठोकलं. एक. दोन. तीन.

बाईंचा चेहरा आधी कोरा होता, मग कळलं. माणसाचा हात, आकाश नव्हे. त्यांनी स्टुलाला धरलं. मग मान हलवली, जणू कोणी पत्ता सांगितला आणि तो त्यांना ठाऊकच होता.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं माझ्या वाट्याला यायचं नाही." दारापाशी जाऊन परत वळल्या. "उपकार झाले, ठोक्या."

उपकार म्हणाल्या त्या.

दुसऱ्या दिवशी सभेत बाईंनी उभं राहून सांगितलं की त्या सही करणार नाहीत. लाट फारच स्वच्छ आहे, म्हातारा असा स्वच्छ वागत नाही, ही ढकललेली आहे. कोणी विचारलं कशावरून, तर म्हणाल्या, "सव्वीस वर्षं ओळखते मी त्याला. तुम्ही आठ महिने." मग सह्या केलेल्यांकडे बघून म्हणाल्या, "लिफाफा फुटेल तेव्हा माझ्याकडे बघू नका. मी त्या जागी एकदा उभी राहिले आहे. तिथे फार एकटं वाटतं." त्यांच्या हाताखालच्या दोघींनी संध्याकाळपर्यंत आपली नावं खोडली.

साहेब माझ्या खोलीत आले. घाम फुटला होता.

"बाईंना काय झालंय रे?"

"मला काय माहीत, साहेब."

"त्यांना समजवायला गेलो, तर समजावण्यातूनच कळणार. गप्प बसलो तर... मी फक्त म्हणू शकलो, बाई, पुन्हा एकदा विचार करा. त्या म्हणाल्या, मला विद्यार्थ्याची दया नको." ते स्टुलावर बसले. "नियम त्यांचाच. मोडला तर लेखच रद्द, दोन्हीकडची आठ महिन्यांची मोजणी पाण्यात. तुला काही सुचतंय?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण माझ्याकडे नीट बघायची तिथे कोणाला सवय नव्हती.

अजून तीन दिवस होते. तीन दिवसांत मी कधीही जाऊन बाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवू शकलो असतो. लिहायला येत होतं. पहिल्या दिवशी मी ठरवलं उद्या. दुसऱ्या दिवशी बाई जिन्यात भेटल्या, नेहमीसारख्या पुढे निघून गेल्या, आणि मी ठरवलं राहू दे. तिसऱ्या दिवशी मी काहीच ठरवलं नाही. जेवण मात्र तिन्ही दिवस चांगलं गेलं.

लिफाफा सकाळी अकराला फुटला. सभागृह भरलेलं. पडद्यावर पलीकडच्या केंद्रातली मंडळी, त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. ती चार ओळींची पोरगी आता तिथली मुख्य होती, केस पिकलेली. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीचे कपडे, हात मांडीवर. सही न केलेल्यांत त्या सगळ्यांत शांत दिसत होत्या.

साहेबांनी लाख तोडली. कागद बाहेर काढला, उलगडला, आणि दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवला.

कोरा.

मग जो आरडाओरडा झाला त्याने चार किलोमीटरवरचे आरसे नक्की हलले असतील.

मी बाईंकडे बघत होतो. अठरा वर्षं ज्याची वाट बघितली ते आता दिसणार होतं. आणि दिसलं काय, तर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड लहान मुलीसारखं उघडं. "आहे!" त्या शेजारणीला म्हणत होत्या. "अगं, आहे! टेंगूळ आहे त्याला! खरंच आहे!" त्या एका मिनिटात त्यांना सहीही आठवत नव्हती, मीही आठवत नव्हतो. मला वाटलं, गेलं. हातचं गेलं.

मग साहेब नावं वाचायला लागले. तीही पद्धतच होती, लिफाफ्यानंतर सगळी नावं मोठ्याने वाचायची. पहिलं नाव वाचलं, ते बाईंचं नव्हतं. टाळ्या वाजवणारे बाईंचे हात हळू होत गेले. दुसरं नाव. दहावं. विसावं. हात थांबले. त्या बसल्या. शेवटी यंत्रांवर काम करणाऱ्यांची नावं होती आणि त्यांत माझं होतं. साहेबांनी ते पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"हे कोण बुवा?" मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे, ठोक्या!"

सगळे हसले, आनंदाचंच हसू होतं. कोणीतरी बाकावर तीनदा टकटक केलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्या रांगा ठोकायला लागल्या, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, माझ्या सन्मानार्थ.

तेव्हा बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मला जे हवं होतं ते मिळालं, पुरेपूर. मी नजर हटवली नाही. चौकशीत त्यांनीही हटवली नव्हती.

त्यांना काही बोलता येणार नव्हतं. काय बोलणार? मी नियम मोडून विचारलं आणि याने ठोकलं? विचारणारा बाहेर. नोंदवहीत काही नव्हतं. पलीकडची ती बाई पडद्यावरून म्हणाली, "बाईंच्या सव्वीस वर्षांच्या मोजणीशिवाय हे झालं नसतं. लेखाच्या शेवटी आभारात आम्ही त्यांचा उल्लेख केला आहे." आभारात आणखी पंपाच्या कारखान्याचा आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींचाही होता.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या खोलीतलंही. वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं. ती कपडे घडी करत होती. हातातला सदरा तिने पुन्हा उलगडला.

"तिने विचारलं तेव्हा तिला दुसरं कोणी होतं का विचारायला?"

"नसेल."

"म्हणून तुमच्याकडे आली."

"अगं, तिने माझं काय केलं ते विसरलीस? तूच म्हणायचीस ना, तिचं बरं व्हायचं नाही म्हणून?"

"म्हणायचे. म्हणणं निराळं." तिने सदरा घडी केला, नीट, बाह्या आत. "अहो, तेव्हा पाइपवर बर्फ तरी होता."

तेव्हापासून चहा देताना कप समोर ठेवते आणि हात लगेच मागे घेते.

महिन्याने बाईंचा शेवटचा दिवस आला. निरोपसमारंभ त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. बक्षिसाच्या बातम्या, फोटो, मुलाखती, सगळं साहेबांच्या आणि इतरांच्या वाट्याला चालू होतं. कोणी कोणी बाईंनाही विचारायचे, तुम्ही सही का केली नाहीत? आणि त्या म्हणायच्या, "मला पटलं नव्हतं." वर्तमानपत्रात एका ओळीत आलं, की ज्यांनी हा तारा सव्वीस वर्षं पाहिला त्यांनाच तो ओळखता आला नाही. केंद्रात ती ओळ कोणीतरी कापून चहाच्या टेबलामागे चिकटवली होती. मी नव्हे.

खोल्यांच्या किल्ल्या जमा करून घेण्याचं कामही माझ्याकडेच असतं. दुपारी तीनला बाई खिडकीशी आल्या. किल्ली ठेवली. त्यांचं वय महिन्यात दहा वर्षांनी पुढे गेलं होतं, चालणं अडखळत, बोलणं सावकाश. मी नोंदवही उघडली.

त्यांनी मला हाक मारली. ठोक्या म्हणून नव्हे. माझं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं सभागृहात वाचलं होतं तसं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पाठ केलं असणार.

"त्या दिवशी मी सांगितलं होतं तुला बर्फ काढायला," त्या म्हणाल्या. "ठोकून काढ म्हणाले होते. चौकशीत खोटं बोलले मी."

मी पेनाचं टोपण काढलं.

"हे लिही. आता येतं ना तुला लिहायला? लिही, मी सही करते. आणि त्याच्या खाली लिही, मी विचारलं आणि तू तीनदा ठोकलंस. त्याच्याखाली तू सही कर. दोघं बाहेर जाऊ. मी तशीही चाललेच आहे." त्यांचा हात खिडकीच्या कठड्यावर होता. "मला बक्षीस नको रे. मला म्हातारा ओळखता आला होता, एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे."

मागे भिंतीवर घड्याळ चालत होतं. बाहेर पोरांनी नव्या मोजणीसाठी पंप सुरू केले होते.

मी लिहिलं. अक्षर माझं अजून लहान मुलासारखं येतं, मोठं आणि वेगळं वेगळं, पण वाचता येतं. लिहून झाल्यावर वही त्यांच्याकडे फिरवली आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं.

'किल्ली परत मिळाली. एक नग.'

त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. मग पेन घेतलं आणि बोट ठेवलं होतं तिथे, रकान्याच्या आत, सही केली.